तबकडीवरचं बडोदं

१९९४ साली कलकत्त्याच्या ग्रामोफोन कंपनीनं दोन सीडींचा एक संच बाजारात आणला. गवयाचं नाव इनायत खाँ रहमत खाँ पठाण, आणि ही १९०९ सालची संपूर्ण ध्वनिमुद्रणं आहेत हे संचाच्या नावातच सांगून टाकलेलं. भोंग्यात तोंड घालून गायलेली ३१ गाणी पंच्याऐंशी वर्षांनी एकत्र आली, तीही निवडानिवड न करता. इनायत खाँ मूळचे आमच्या बडोद्याचे. जन्म १८८२ चा, आजोळ मौलाबख्शांचं, घर याकुतपुऱ्यात. ही गाणी कलकत्त्याला ध्वनिमुद्रित झाली आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरात ते बोटीत बसून अमेरिकेकडे निघाले. नंतर सूफी विचारांचे गुरू म्हणून युरोप-अमेरिकेत त्यांचं नाव झालं, गाणं-वाजवणं मागं पडत गेलं, आणि १९२७ मध्ये दिल्लीत ते वारले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी हेरगिरी करून दाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली नूर इनायत खाँ ही त्यांचीच मुलगी. तिच्यावर पुस्तकं निघाली. बाप मुळात गवई होता, हे त्या पुस्तकांत एखाद्या वाक्यात उरकलेलं असतं.

हा संच सलग ऐकवत नाही, हे आधीच कबूल करायला हवं. तीन-साडेतीन मिनिटांची एकेक चीज, पाठीमागं तळणीसारखी खरखर, आणि गाणाऱ्याच्या गळ्यावर वेळ संपण्याचं दडपण. काही बाजू नुसत्या उरकलेल्या वाटतात. पण संकलन कसं असावं याचा धडा द्यायचा झाला तर मी हाच संच पुढं करीन, कारण त्यानं श्रोत्याच्या वतीनं निवड केलेली नाही. चांगलं-वाईट, घाईचं-निवांत सगळं समोर ठेवलंय. त्यामुळे १८८६ साली सुरू झालेल्या मौलाबख्शांच्या गायनशाळेच्या वातावरणात वाढलेला मुलगा विशीत काय काय गात होता, त्याचा आवाका किती होता, याचा अंदाज येतो. त्यातून कुणी ‘उत्तम दहा’ काढली असती तर ऐकायला गोड एक सीडी मिळाली असती, पण हा अंदाज हातून गेला असता.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संकलनांकडे आपण अजून गोदाम म्हणूनच बघतो. तबकड्या सापडल्या, साफ केल्या, एकामागं एक लावल्या, झालं. खरं तर संकलन ही समीक्षाच असते. काय घ्यायचं, काय सोडायचं, कशानंतर काय ठेवायचं, पाठीमागं दोन ओळी छापायच्या की वीस पानं, या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मत दिलेलं असतं. फक्त त्या मताखाली सही नसते. बडोद्याच्या दरबाराशी नातं असलेल्या गवयांची संकलनं एकापाठोपाठ ऐकली की ही बिनसहीची समीक्षा कुठं नेमकी होती आणि कुठं आळशी, ते चटकन कळतं.

सयाजीरावांचं बडोदं गाण्याच्या बाबतीत किती भरलेलं होतं हे बडोदेकरांना सांगायला नको. दरबारात कलावंत कारखाना होता, म्हणजे गवई, बीनकार, सनईवाले, नर्तकी यांच्या नेमणुका आणि पगार पाहणारं एक खातंच. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती इथंच. पण भरलेला दरबार आणि भरलेली तबकडी यांत मोठं अंतर आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि त्यानं गौहरजानचा आवाज टिपला तो १९०२ च्या नोव्हेंबरात. मौलाबख्श त्याआधी सहा वर्षं, १८९६ मध्ये गेलेले. त्यांची स्वरलिपी आहे, पुस्तकं आहेत, शाळा आहे, आवाज नाही. भास्करबुवा बखल्यांचं जास्त वाईट वाटतं. बडोदे संस्थानातल्या कठोरचा हा मुलगा, बडोद्यात फैज महंमदखाँकडं राबून शिकला, १९२२ पर्यंत हयात होता. तोवर बालगंधर्वांच्या, म्हणजे त्यांच्या शिष्याच्या, तबकड्या घराघरांत वाजत होत्या, आणि बुवांची एकही नाही. त्यामुळे कुठलंही संकलन ‘सुवर्णयुग’ असं नाव लावून आलं की मला पहिल्यांदा न आलेली नावं आठवतात.

ज्यांचं आलं त्यांत सगळ्यांत मोठं नाव अर्थातच उस्ताद फैयाज खाँ. आग्रा घराण्याचे, मैसूर दरबारानं ‘आफताब-ए-मौसिकी’ ठरवलेले, आणि १९१२ च्या सुमारापासून ५ नोव्हेंबर १९५० ला डोळे मिटेपर्यंत बडोद्याचे. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या गाजलेल्या तबकड्या १९३० च्या दशकापासूनच्या, ‘हिंदुस्तान’ या लेबलच्या. कलकत्त्याच्या चंडीचरण साहांनी १९३२ मध्ये काढलेली ही देशी कंपनी. रवींद्रनाथ आणि सैगल यांचे आवाजही तिच्याकडे होते. खाँसाहेबांचा नटबिहाग, ललत, जौनपुरी, पूर्वी, भैरवीतली ठुमरी या तबकड्यांवर आपल्या तीन पिढ्या वाढल्या. पुढं एलपी आल्या, कॅसेटी आल्या, सीडी आल्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच त्या मोजक्या बाजू नव्या वेष्टनात आल्या.

नटबिहागची तबकडी जवळून ऐकावी. प्रस्तावना नाही, थेट बंदिशीवर उडी. मुखडा येतो तो समेला आदळायच्या बेतानंच. पैंजणांच्या नादाचे शब्द खाँसाहेब सुरांत कमी आणि लयीत जास्त म्हणतात, अक्षरं फेकतात, मधेच एखादं गिळतात, आणि पुढच्या आवर्तनात नेमकं तेच जोर देऊन परत आणतात. तीन मिनिटांच्या या कुस्तीत फुरसत म्हणून नाही. त्या वेळेच्या मर्यादेवर स्वार झालेला त्यांच्यासारखा दुसरा गवई मला दाखवा. आता रामकलीतला नोम-तोम आलाप ऐका. तेवढीच तबकडी, तेवढाच वेळ, पण इथं खर्जाकडं झुकलेला तो रुंद आवाज एकेका स्वरावर बैठक मारतो. धृपदातून आलेली आलापी तीन मिनिटांत मावत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती मावेल तेवढी कापली नाही, तर एका मोठ्या आलापाचा तुकडा उचलून दिला. ऐकणाऱ्याला अर्धवट राहिल्यासारखं वाटतं ते म्हणूनच.

या दोन तबकड्यांपैकी पुन्हा पुन्हा संकलनात येते ती पहिली. साहजिकच आहे, ती खपते. पण त्याचा परिणाम असा झाला की फैयाज खाँ म्हणजे लयीशी मस्ती करणारे, रंगेल, ठुमरीनं मैफिल मारणारे उस्ताद, ही एक बाजू ठळक झाली. आकाशवाणीच्या संग्रहातून पुढं बाहेर आलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांनी हे थोडं सावरलं. रेडिओवर वेळ जास्त, साथीला गळे जास्त, आवाज वयानं थकलेला पण विस्तार तब्येतीनं. तिथं कळतं की नोम-तोम हा त्यांच्या गाण्याचा पाया होता. तबकड्या आणि रेडिओ एकत्र ठेवून, एकच राग दोन्हीकडं असेल तिथं दोन्ही शेजारी लावून कुणी संकलन केलं, तर खाँसाहेबांवर पुस्तकं लिहिणाऱ्यांचं निम्मं काम होऊन जाईल. अडचण हक्कांची असायची. तबकड्या एका कंपनीच्या, रेडिओ सरकारचा, मधला पूल बांधायची गरज कुणाला नव्हती. बडोद्यातल्या त्यांच्या मजारीची २००२ च्या दंगलीत नासधूस झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून चार दिवस खाँसाहेबांची आठवण निघाली. बाजारात मात्र तोच नटबिहाग होता.

अब्दुल करीम खाँचं प्रकरण उलटं. बडोद्यातलं त्यांचं वास्तव्य थोडक्या वर्षांचं आणि त्याचा शेवट तर नाटकात शोभेलसा. राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई मान्यांना गाणं शिकवता शिकवता दोघांनी बडोदं सोडलं. त्यांच्या तबकड्यांचे दोन काळ. पहिला १९०४-०५ चा, भोंग्याचा. दुसरा १९३४ ते ३६ चा, ओडियनचा, मायक्रोफोनचा. संकलनांनी दुसरा काळ डोक्यावर घेतला. झिंझोटी, भैरवी, बसंत, शुद्ध कल्याण वगैरे. यातल्या झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी दुकानात ऐकून गदगच्या एका पोरानं घर सोडलं आणि तो पुढं पंडित भीमसेन जोशी झाला, ही गोष्ट मराठी घरात सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या काळातले तिशीचे, तडफदार, तानांनी भरलेले करीम खाँ मात्र संग्राहकांपुरते राहिले. आपल्या मनातली त्यांची जी मूर्ती आहे, डोळे मिटून एका सुरावर विरघळणारी, ती साठीच्या उस्तादांची आहे. ती खरीच आहे, पण ती त्यांच्या आयुष्यातल्या अखेरच्या तीन वर्षांची आहे. १९३७ मध्ये ते गेले.

वडिलांच्या तबकडीवर बडोद्याचा मागमूस नाही, आणि मुलगी हिराबाई मात्र जन्मभर बडोदेकर म्हणून गायली. आईकडचं गाव. हिराबाईंची संकलनं बरी निघाली आहेत. नाट्यपदं, भावगीतं, ख्याल असं वाटप करून का होईना, त्या बाजारात कायम राहिल्या. तेवढं नशीब लक्ष्मीबाई जाधवांचं नव्हतं. या कोल्हापूरच्या, तालीम अल्लादियाखाँचे बंधू हैदरखाँ यांची, आणि बडोदे दरबारात गायिका म्हणून नेमणूक. जयपूर-अत्रौलीची पेचदार गायकी बाईच्या गळ्यातून ऐकायची म्हटलं की आपण केसरबाई आणि मोगूबाई ही दोन नावं घेऊन थांबतो. लक्ष्मीबाईंच्या तबकड्या आहेत, सुरेल आहेत, पल्लेदार ताना आहेत, आणि उतारवयात त्यांनी धोंडूताई कुलकर्णींना शिकवलं हेही नोंदलेलं आहे. तरी संकलनात त्या आल्या तर ‘इतर’ म्हणून, चार बायकांच्या रांगेत एका गाण्यापुरत्या. तसेच निसार हुसेन खाँ. सहसवान घराण्याचे, कोवळ्या वयात बडोदे दरबारात आलेले. तराण्याच्या त्यांच्या ७८ च्या तबकड्या एके काळी गाजल्या, आणि आज त्यांची ओळख ‘राशिद खाँचे गुरू’ एवढीच उरली आहे.

जगात दुसरीकडं हेच काम कसं झालं ते बघायला मला जमैकाचं उदाहरण फार उपयोगी वाटतं. गाण्याचा प्रकार अगदी निराळा, रेगे, पण दुखणं ओळखीचं. १९६० आणि ७० च्या दशकांत किंग्स्टनमध्ये छोट्या छोट्या निर्मात्यांनी ४५ फेऱ्यांच्या तबकड्या काढल्या. कितीतरी थोड्याच प्रतींत, गल्लीतल्या ध्वनिक्षेपकांच्या जलशांसाठी. टेप महाग म्हणून जुन्यावरच नवं ध्वनिमुद्रण होई. मूळ टेप राहिली नाही की उरते ती झिजलेली तबकडी. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’सारख्या लहान कंपन्यांनी हे गाणं पुन्हा बाहेर काढलं. स्टीव्ह बॅरो नावाचा जाणकार त्यामागं होता. त्यांनी निर्मात्यांना शोधून रीतसर परवाने घेतले, जमतील तिथं मूळ टेपा मिळवल्या, आणि प्रत्येक संचासोबत कोण वाजवत होतं, कुठल्या स्टुडिओत, कुठल्या साली, याची पुस्तिका दिली. ‘हार्ट ऑफ द काँगोज’ हा १९७७ चा संच त्यांनी १९९६ मध्ये पुन्हा काढला, तेव्हा अनेकांना तो पहिल्यांदाच ऐकायला मिळाला. कंपनी पुढं टिकली नाही, पण पुस्तिकेची सवय टिकली. आज कुठलंही बरं रेगे संकलन नावगाव न देता बाहेर येत नाही.

आपल्याकडच्या कॅसेटच्या पाठीवर काय असायचं? रागाचं नाव, तालाचं नाव, आणि ‘पारंपरिक’. तबकडीचा क्रमांक नाही, साल नाही, तबलजी कोण, सारंगिया कोण, याचा पत्ता नाही. लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला साच्याचा क्रमांक हा तबकडीचा जन्मदाखला असतो, एकच चीज दोनदा म्हटलेली असेल तर तोच सांगतो की ही कुठली. तोही छापायचे कष्ट घेतले जात नाहीत. ध्वनिशुद्धीच्या नावाखाली तर आणखी अत्याचार. खरखर पुसताना तंबोऱ्याची आस पुसली जाते आणि सारंगी कापसात गुंडाळल्यासारखी येते. मला खरखर चालते, कान दोन मिनिटांत तिला बाजूला सारतो. मेलेली सारंगी चालत नाही.

वेगाचा घोटाळा त्याहून मोठा. ‘७८’ हा आकडा पुढं पक्का झाला. १९०५-१० च्या काळात तबकड्या ७८ च्या मागंपुढं बऱ्याच फरकानं कापल्या जात. त्यातली हळू कापलेली तबकडी डोळे मिटून ७८ वर फिरवली की पट्टी चढते, लय पळते, आणि गवई लहान मुलासारखा वाटू लागतो. ‘जुने लोक किती चढ्या पट्टीत गात’ असं कौतुक आपण ज्यांचं करतो त्यांतले काही जण केवळ यंत्राच्या वेगामुळं चढले असतील.

या कामाची चाड ठेवणारी माणसं इथंही होती आणि आहेत, फक्त ती कंपन्यांत नव्हती. मायकेल किनियर हा ऑस्ट्रेलियन संशोधक, त्यानं ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ च्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली. ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं काढली. अब्दुल करीम खाँच्या तबकड्यांची चरित्रासकट नोंद करणारं पुस्तकही त्याचंच. मुंबईत डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० मध्ये रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी काढली, तिचं नियतकालिक चालवलं, चोरबाजारात मातीमोल विकल्या जाणाऱ्या तबकड्या माणसं बोलावून ऐकवल्या. पुढं विक्रम संपत यांनी गौहरजानचं चरित्र लिहिलं आणि जुन्या तबकड्या आंतरजालावर फुकट ऐकायला ठेवणारा संग्रह उभा केला. त्यानंतर तर पूरच आला. आज लक्ष्मीबाईंचं नाव टाकलं की मोबाइलवर आवाज येतो. म्हणजे दुर्मीळपणा संपला, आणि संकलनाचं काम आणखी अवघड झालं. सगळंच सगळीकडं आहे, पण वेग कुठला, साच्याचा क्रमांक काय, लेबलवर नाव कसं होतं, हे सांगणारं कुणी नाही. सुरुवातीच्या तबकड्यांत गाणारी गाण्याच्या शेवटी आपलं नाव सांगत असे, परदेशातल्या कारखान्याला लेबल लावताना कळावं म्हणून. ते वाक्य गाण्याचा भाग नाही म्हणून कापणारे महाभागही या पुरात आहेत.

तर मग बडोदे दरबाराचं संकलन करायचं झालं तर? कायद्याचा अडसर आता फारसा नाही. आपल्याकडं ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, आणि संस्थान विलीन होऊन पाऊणशे वर्षं झाली. त्या काळात निघालेल्या तबकड्या मोकळ्या आहेत. मी त्यात इनायत खाँच्या ३१ पैकी निदान सहा-सात घेईन, आणि त्यात एक घाईनं उरकलेली मुद्दाम ठेवीन. करीम खाँचे १९०५ आणि १९३५ शेजारी शेजारी. फैयाज खाँचा नटबिहाग वगळीन, तो ज्याच्या त्याच्याकडं आहे. त्याऐवजी रामकली आणि रेडिओवरचा लांब आलाप. निसार हुसेन खाँचे तराणे, हिराबाईंचा ख्याल, आणि लक्ष्मीबाईंच्या मिळतील तेवढ्या सगळ्या बाजू, कारण त्यांच्यावर निवडीचा अन्याय एकदा होऊन गेलाय. पुस्तिकेत न आलेल्यांची यादी पहिल्या पानावर. तिच्यात मौलाबख्श आणि भास्करबुवा.

हे कुणी करायचं, तर मौलाबख्शांच्या गायनशाळेची आजची वारसदार सूरसागरच्या काठावर आहेच, विद्यापीठाचा संगीत विभाग म्हणून. तिथं गाणारी मुलं आहेत, आणि पट्टी ओळखणारे मास्तर आहेत. १९०९ च्या तबकडीचा वेग ठरवायला नेमकी हीच माणसं लागतात: बंदिश माहीत असलेला एक, तंबोरा लावून बसलेला एक, आणि टर्नटेबलचा वेग अर्ध्या फेरीनं कमी-जास्त करत बसायची चिकाटी असलेला तिसरा. तबकड्या त्यांना संग्राहकांकडून उसन्या आणाव्या लागतील, आणि त्यातले काही संग्राहक बडोद्यातच दांडिया बाजारात, रावपुऱ्यात राहतात. वडिलांच्या वेळची पेटी माळ्यावर आहे, उघडायला सवड नाही, असं ते सांगतात.